अण्णांच्या सुटीतला केक

तुरी सोंगायला आल्या की माझ्या जिभेवर कोको येतो. आता हे कुणाला सांगावं? आमच्याकडच्या माणसांना या दिवसांत हुरडा आठवतो, बोरं आठवतात, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आठवतात. मला आठवतो तो काळपट, कडसर, किंचित धुरकट वास. परवा हिंगोलीहून गोरेगावला चालले होते. सेनगावच्या पुढे एका शेतात कुणीतरी तुराट्या पेटवून शेकत बसलं होतं. तो धूर जीपमध्ये शिरला आणि मी पदर तोंडा-डोळ्यांना लावला. जीपवाल्यानं आरशातून बघितलं. "काय झालं मॅडम? मळमळून राहिलं का?" म्हटलं, "व्हय, जरासं." साठी उलटलेली बाई केकसाठी डोळे पुसते आहे, हे त्या बिचाऱ्याला कसं सांगणार.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीत स्वयंपाकी होते. साहेबांच्या मेसमध्ये. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. तेव्हा आमचा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि गोरेगावच्या बौद्धवाड्यात आमचं दोन खणांचं मातीचं घर होतं. घरात आजा, माय, मी आणि माझ्या पाठचा मिलिंद. अण्णा वर्षभर कुठंतरी लांब, बर्फ पडतं तिकडं. वर्षातून एकदा, ऐन थंडीत, ते सुटीवर यायचे. लोकांचे हंगाम पावसावर ठरतात, आमचा अण्णांच्या सुटीवर ठरायचा. आणि ती सुटी बरोबर तुरी सोंगायच्या वेळीच मिळायची. साहेबाला काय सांगून मिळवायचे कोण जाणे.

हिंगोलीपर्यंत रेल्वे, तिथून एसटी, आणि एसटीच्या टपावर काळी लोखंडी ट्रंक. ती उघडली की आधी बुटाच्या पॉलिशचा वास यायचा, मग डांबरगोळ्यांचा, आणि मी नाक खुपसून थांबले की त्या दोघांच्या खालून हळूच तिसरा. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला कोकोचा डबा. त्याच्या शेजारी करंगळीएवढी व्हॅनिलाची बाटली आणि बेकिंग पावडरची पुडी. मिलिंद स्वेटर ओढायचा, आजा ब्लँकेट चाचपून बघायचा. माय मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि दरवर्षी पहिला प्रश्न तोच विचारायची, "कायमचे कवा येता?"

अण्णा डबा हातात फिरवत म्हणायचे, "पुढच्या साली बघू."

माय चुलीकडे वळायची. मला त्या प्रश्नाचा भारी राग यायचा. माणूस आत्ता कुठं आलंय, आधी केक तर होऊ दे की.

केकची तयारी म्हणजे घरात कार्यच. ओढ्याची वाळू आणायची, चाळायची, उन्हात वाळवायची. मैदा आमच्या घरानं पाहिलेला नव्हता, म्हणून माय गव्हाचं पीठ जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची. अंडी घरच्या कोंबड्यांची. त्या काळात कोंबड्यांवर आमची इतकी नजर असायची की त्यांना अंडं घालायची लाज वाटावी. राहिली साखर. ती पिठासारखी बारीक हवी असं अण्णांनी पहिल्या वर्षी सांगितलं, आणि मायनं ती सरळ जात्यात ओतली. जात्यात तर रोजची ज्वारी. कितीही पुसा, टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांत पीठ राहणारच. साखर दळून आली ती करड्या रंगाची. अण्णांनी चिमूट तोंडात टाकली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ह्याच्यात ज्वारी लागून राहिली की."

"लागंल न्हाईतर काय," माय म्हणाली. "तुमच्या साहेबाच्या घरी जातं नसंल. आमच्या घरी हाय."

पुढच्या वर्षांत जातं काही बदललं नाही, आणि अण्णाही पुन्हा त्यावर बोलले नाहीत. त्यामुळं आमचा केक पुढून चॉकलेटचा आणि मागून ज्वारीचा लागायचा. पुढं औरंगाबादला कॉलेजात असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा बेकरीतला चॉकलेट केक खाल्ला. सगळ्याजणी डोळे मिटून खात होत्या. मी आपली शोधत बसले, ज्वारी कुठं गेली म्हणून.

भट्टी अंगणात लागायची. खाली गोवऱ्यांचा आर, त्यावर मोठ्या पातेल्यात तापलेली वाळू, वाळूत लोणी फासलेला पितळी डबा, वर परातीचं झाकण आणि परातीवर पुन्हा निखारे. तुराट्या भडकन पेटतात आणि तेवढ्याच लवकर विझतात, म्हणून त्या फक्त वरून ऊब द्यायला. निखाऱ्यांचा मुकादम आजा. "दादाराव, उजव्या अंगाला कमी पडून राहिलं," असं तो बसल्या जागेवरून सांगायचा आणि पलटणीतले साहेब ज्यांच्या हातचं खायचे ते आमचे अण्णा निमूट उजव्या अंगाला निखारा सरकवायचे. मग शिंदीच्या फड्याची, म्हणजे झाडूची, धुतलेली काडी केकात खुपसून बघायची. काडी ओली आली की थांबा, कोरडी आली की झालं. ती काडी चाटायचा मान एक वर्ष माझा, एक वर्ष मिलिंदचा, आणि कुणाचं वर्ष यावरून दरवर्षी भांडण.

वास वाड्यातल्या सगळ्या गल्लीत जायचा. पोरं कुडाच्या पलीकडं येऊन उभी राहायची. अण्णा म्हणायचे, "आत या रे, तिथं काय उभं राहून राहिले." मग ज्याच्या वाट्याला नखाएवढा तुकडा यायचा तोही दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचा की आपण काल केक खाल्ला.

पहिल्यांदा केक झाला तेव्हा अण्णांनी तो थाळीत उपडा केला, सुरीनं तिरके तुकडे पाडले आणि म्हणाले, "साहेबलोक हे असं चमच्यानं खातात." आज्यानं तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, वाटीत टाकून कुस्करला, वर शेळीचं दूध ओतलं आणि चार बोटांनी कालवून असा भुरका मारला की मांजर उठून बसली.

"बाबा, हे कुस्करायचं नसतं," अण्णा कळवळून म्हणाले.

"काहून? भाकर कुस्करून खाल्ली त भाकर नाराज होते काय? अन् मला दात हायेत का?"

आज्याचं बघून मिलिंदनं कुस्करला, मी कुस्करला. थाळीत एकही तुकडा तुकडा म्हणून राहिला नाही. अण्णा त्या संध्याकाळी जरा रुसल्यासारखेच होते. सकाळी मात्र त्यांनी वाट्यांतला उरलेला काला एका पातेल्यात गोळा केला, त्यात दूध आणि अंडी फेटून घातली, डब्याच्या तळाशी साखर जाळून तिचा लालबुंद पाक ओतला आणि डबा उकळत्या पाण्यात ठेवला. गार झाल्यावर उपडा केला तेव्हा वरून तो पाक ओघळत खाली आला. आजा म्हणाला, "आता बराबर झालं. हे गिळता येतंय." तेव्हापासून आमच्या घरी केक करायचा तोच मुळी कुस्करायला आणि कुस्करायचा तो पुडिंगसाठी. साहेबांच्या मेसमध्ये हे असं कुणी केलं असतं तर अण्णांनीच त्याला बाहेर काढलं असतं.

दुष्काळाच्या साली अंडी नव्हती, दूध नव्हतं, ओढ्यात तेवढी वाळू होती. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची. अण्णा आले, त्यांनी घरातले सगळे डबे उघडून पाहिले आणि पुन्हा झाकणं लावली. मग सुकडीतच कोको कालवला, पाण्याचा हबका मारून गोळे वळले आणि तव्यावर परतून आमच्या हातावर ठेवले. आम्ही ते चाखत चाखत खाल्ले. अण्णा आमच्याकडं न बघता चुलीतली राख ओढत होते. मायच्या हातांना खडीनं घट्टे पडले होते. तिनं त्या वर्षी तो प्रश्न जेवणं झाल्यावर विचारला आणि अण्णा ओढलेली राख घेऊन उकिरड्यावर टाकायला गेले.

सुटीचा शेवटचा पदार्थ म्हणजे वड्या. उरलेला सगळा कोको साखरेच्या पाकात घोटायचा, लोणी घालायचं, थाळीत थापायचा आणि सुरीनं चौकोन पाडायचे. तिळाच्या वड्या करतात अगदी तसं. केक आणि पुडिंग अण्णा असताना खायचं, वड्या ते गेल्यावर. त्या माय मडक्यात घालून उतरंडीत वर ठेवायची आणि आम्हाला पुरवून पुरवून द्यायची. आम्हा पोरांना वड्यांचा दिवस सगळ्यात लाडका. पाक घोटायला लागले की आम्ही चुलीभोवती नाचायचो. माय त्या दिवशी उगाच सरपण आणायला म्हणून बाहेर पडायची आणि खूप उशिरा परत यायची. पाक घोटला याचा अर्थ ट्रंक भरायची वेळ झाली, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पोरांचं डोकं ते, त्यात तेव्हा वड्याच होत्या.

दुष्काळ सरला त्यानंतरचा हंगाम मला आजही विसरता येत नाही. तुरी माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या, शेळ्या व्यायल्या होत्या, घरात अंडी होती. अण्णा आले, ट्रंक उघडली, मायनं चौकटीला टेकून तेच विचारलं. अण्णा म्हणाले, "मुदत भरली माझी. वाढवून घ्यायची का घरी यायचं, माझ्यावर हाय. हितं हाताला काही काम भेटलं त जातच न्हाई." मायनं त्या रात्रीच्या भाकरी अशा थापल्या की एकेक टम्म फुगली. मला वाटलं, आता काय, बारा महिने केक.

बाजाराच्या दिवशी अण्णांनी केक केला. नेहमीपेक्षा जास्त लोणी घालून. तुकडे पाडले, पितळी डब्यात रचले, वरून मायनं धुतलेलं फडकं बांधलं. मला सोबत घेतलं. बाजारातला एक हॉटेलवाला अण्णांच्या ओळखीचा होता, लहानपणी दोघांनी एकाच माळावर गुरं राखलेली. त्याच्याकडं भजी, शेव आणि चहा. अण्णांच्या डोक्यात होतं की आपण तिथं आचारी म्हणून राहावं, आठवड्याच्या बाजाराला काहीतरी नवं करून द्यावं. मला रस्ताभर सांगत होते, बिस्किटं कशी करता येतील, पाव कसा करता येईल. अण्णा एरवी इतकं बोलत नसत.

हॉटेलच्या बाहेरच्या फळीवर आमच्यासाठीच्या कपबश्या वेगळ्या असायच्या. आम्ही त्यांतच चहा घेतला. अण्णांनी डबा उघडला. हॉटेलवाल्यानं वास घेतला, मान हलवली. "दादाराव, हात सोन्याचा हाय तुमचा. खोटं न्हाई बोलत." मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "पर तुमाला चुलीवर बसवलं त माझ्या हाटेलात चहा प्यायला कोण येईल? मला तकलीफ न्हाई. गिऱ्हाइकाला होईल. तुमी समजून घ्या."

अण्णा म्हणाले, "समजलं."

त्यानं एक तुकडा ठेवून घेतला होता. तो फळीवर तसाच पडून होता आणि त्यावर माशा बसायला लागल्या होत्या. अण्णांनी माझा कप धुतला, त्यांचा धुतला, दोन्ही पालथे घातले आणि आम्ही निघालो. बर्फाच्या मुलखात पलटणीतले साहेब ज्यांच्या हातचं खात होते, त्यांच्या हातचं त्यांच्या गावात कुणी खाणार नव्हतं. मला तेव्हा हे एवढं कळलं नाही. मला त्यानं केक न खाल्ल्याचा राग आला होता. आता कळतं, आणि राग दोन्हींचा येतो, अजून येतो. पन्नास वर्षं होत आली तरी त्या फळीवरचा तुकडा मला दिसतो.

घरी आलो तर माय अंगणात तुरी बडवत होती. तिनं काठी बाजूला ठेवली, डबा उचलला. भरलेलाच होता. तो आत नेऊन ठेवला आणि पुन्हा काठी घेतली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णांनी साखरेचा पाक घोटायला घेतला, सुटी बरीच शिल्लक असतानाच. मिलिंद आणि मी आपले नेहमीसारखे नाचायला लागलो. माय सरपणाला निघाली होती, ती दारातून परत फिरली. आमच्या दोघांकडं बघून म्हणाली, "तुमाला वडी पाहिजे. मला माणूस पाहिजे." आणि गेली. तिचा आवाज चढलेला नव्हता. अण्णांचा हात थांबला तेवढा, पाक तळाला लागला आणि त्या वर्षीच्या वड्या करपट झाल्या.

अण्णांनी मुदत वाढवून घेतली. परत वर्षाला एक थंडी, एक ट्रंक, एक डबा.

माझ्या घरी आता ओव्हन आहे. लेकानं घेऊन दिलाय, वर म्हणतो, मोबाईलवर बघून कर की, सगळं मिळतं त्यात. केलं ना. मैदा आणला, महागाचा कोको आणला, तोळामासा मोजून घेतलं. केक असा फुगला की बघत राहावं. चव काही केल्या येईना. मग मैद्यात मूठभर ज्वारीचं पीठ टाकलं, नंतर दूध शेळीचं शोधून आणलं, हिंगोलीत ते मिळवायला काय काय करावं लागलं ते मलाच ठाऊक. एकदा तर अंगणात विटा मांडून वाळू तापवली, शेजारीण विचारायला आली की लाही फोडता का. नाहीच. तेव्हा मला कुठं लक्षात आलं की त्या केकात वर्षभर वाट पाहिलेली असायची. ती आता कुठून आणू? माणूस लांब होता म्हणून तो केक होता. ज्या हंगामासाठी मी आज इतकी झुरते, तो एकदाचा संपावा म्हणून माय झुरत होती. एकाच घरात, एकाच चुलीपुढं बसून आम्ही मायलेकी दोन उलट्या गोष्टी मागत होतो. मला हे कळलं तेव्हा सांगायला माय राहिलेली नव्हती.

अण्णा शेवटी कायमचे आले तेही थंडीतच. मी तेव्हा मॅट्रिकला होते. पेन्शन होती, दोन एकर बटईनं करायचं ठरलं होतं. घरी यायला कुणा हॉटेलवाल्याला विचारावं लागत नाही, हे तोवर दोघांनाही उमगलं असावं. ट्रंक खाली उतरवली. मी मोठी झाले होते तरी पहिली धावले. पॉलिशचा वास आला, डांबरगोळ्यांचा आला, मी तळापर्यंत हात घातला. डबा नव्हता.

"अण्णा, कोको?"

अण्णा खाटेवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. म्हणाले, "कमल, सुटीवर येतं ते माणूस पाव्हणं असतं. पाव्हण्याला रिकाम्या हातानं येता येत न्हाई. आता मी काय पाव्हणा हाय का?"

मायनं या वेळी काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. चार दिवस गेले, आठवडा गेला. अण्णा जुना सदरा घालून ओसरीवर उन्हात बसायचे, तुरीच्या शेंगा सोलून खायचे. सुटीत यायचे तेव्हा माय त्यांना हंड्यातलं ऊन पाणी काढून द्यायची, ताटात पहिली भाकर वाढायची, केक सोडला तर त्यांना काडी उचलू द्यायची नाही. कधी रागावून बोलायची नाही. जायचं माणूस, त्याला काय बोलावं.

एका सकाळी ती घरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बसून काहून राहिले? रांजण रिकामा हाय. पोरीची परीक्षा जवळ आली, ती किती पाणी आणंल? उठा. अन् त्या टरफलांचा ढीग कोण झाडंल, मी?"

अण्णा चपापले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोनं त्यांना रागावलं होतं. मग ते गालातल्या गालात हसले, खांद्यावर पंचा टाकला, घागर उचलली आणि आडाकडं चालायला लागले. माय चुलीपुढं बसून बडबडतच राहिली. माणूस म्हणजे नुसतं बसायला झालं, झाडायचं कुणी, भरायचं कुणी, घरात हात हायेत का न्हाईत. तोंड रागानं लाल आणि डोळे असे, की तिला त्या घडीला जगात काही कमी नव्हतं. एवढ्या सुखानं रागावलेलं माणूस मी परत पाहिलं नाही.

मी घराच्या मागं गेले, तुराट्यांच्या गंजीला टेकून बसले आणि केकसाठी रडले. बराच वेळ रडले. तिथपर्यंत मायचा आवाज येत होता.